घरात दोन दांडगी कुत्री असताना सकाळ शांत कशी होईल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलुंडला चौथ्या मजल्यावर वन बीएचके. दोन वर्षांचा बीगल सिंबा आणि साधारण त्याच वयाची, रस्त्यावरून घरी आणलेली चिकू. पाऊस थांबल्यापासून दोघं पहाटे पाचला उठतात, दारावर पंजे मारतात, एकमेकांच्या अंगावर झेपा घेतात. दूधवाला आला की भुंकण्याचा कहर होतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली आहे. तुम्ही रोज मैदानावर तासभर बॉल फेकता, तरी परत आल्यावर दोघं आणखीच चेकाळलेली असतात. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘अजून किती पळवू?’ आणि त्याखाली लिहिलंत, की या दिवसांतली सकाळ फार सुंदर असते, मला फक्त एक कप चहा निवांत प्यायचा आहे.

माझं उत्तर असं, की अजून पळवू नका. तुमची कुत्री कमी दमलेली नाहीत. शांत बसणं ही गोष्ट त्यांना कुणी शिकवलेलीच नाही, आणि त्यातही एकेकट्याला कधीच नाही. दोन कुत्र्यांच्या घरात सगळं एकत्र होतं. जेवण एकत्र, फिरणं एकत्र, दारावर धावणं एकत्र. त्यामुळे एकाचं अंग हललं की दुसऱ्याचं हलतंच. मी मुंबई-ठाण्यात घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते आणि दोन कुत्र्यांच्या घरात माझी सुरुवात नेहमी तिथूनच असते: दोघांना सुटं करायचं, आणि दिवसाची पहिली वीस मिनिटं अगदी साधी, नीरस ठेवायची.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. पुढे लिहिलेलं वर्ष-दीड वर्षापुढच्या, निरोगी कुत्र्यांसाठी आहे. सहा महिन्यांचं पिल्लू किंवा दहा वर्षांचं म्हातारं कुत्रं उठल्या उठल्या खाली न्यावंच लागतं, त्याला लघवी रोखून धरायला लावणं क्रूरपणाचं आहे. पग, शिट्झूसारख्या बसक्या नाकाच्या जातींना उकाडा फार लवकर बाधतो, त्यांचं फिरणं आणखी लहान हवं. आणि पहाटेची अस्वस्थता अचानक सुरू झाली असेल तर प्रशिक्षणाआधी डॉक्टर. पावसाळ्यानंतर गोचिडी खूप वाढतात. रात्रभर खाजत असलेलं कुत्रं पहाटे शांत झोपेल कसं? जंत, मूत्रमार्गाचा संसर्ग, कानाचं दुखणं, यातलं काहीही असू शकतं. कुत्रं पहाटे उठून पिवळसर फेस ओकत असेल तर बहुतेक वेळा पोट फार वेळ रिकामं राहिल्यामुळे पित्त होतं. अशा कुत्र्याला झोपायच्या आधी दोन घास दिले की पहाटेचं उठणं पुष्कळदा कमी होतं. उलटी रोजची झाली किंवा त्यात रक्त दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

आता हे सगळं पाऊस थांबल्यावरच का सुरू झालं, ते पाहू. मुंबईतून पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्याआधीचे चार महिने तुमच्या कुत्र्यांचं फिरणं पावसाच्या तालावर चाललं होतं: कधी दहा मिनिटं, कधी फक्त गेटपर्यंत. खिडक्या बंद, आणि पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात बाकीचे आवाज बुडालेले. आता खिडक्या उघड्या आहेत. पहाटे पाण्याचा पंप सुरू होतो, पेपरवाल्याची सायकल येते, लिफ्टचा जाळीचा दरवाजा आपटतो, कावळे ओरडतात. कोजागिरीपासून ज्यांच्या घराजवळ विठ्ठलाचं देऊळ आहे तिथे पहाटे काकडआरती सुरू होते. हे सगळं तुमच्या कानांवर हलकेच पडतं, चिकूच्या कानांवर ठळक. शिवाय पहाट आणि संध्याकाळ या कुत्र्यांच्या मुळातच हालचालीच्या वेळा आहेत. कुठल्याही गल्लीत पहाटे साडेपाचला बघा, दुपारभर गाड्यांखाली झोपलेली कुत्री तेव्हा फेरी मारत असतात.

दुसरी गोष्ट उकाड्याची. ऑक्टोबरमध्ये मुंबईचा पारा दुपारी ३४-३५ अंशांवर जातो, आणि सकाळी हवेत दमटपणा भरपूर असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होऊ देऊन थंड होतो. हवेतच इतका ओलावा असला की ती वाफ नीट होत नाही. म्हणजे डिसेंबरमध्ये चालून जाणारा तासभराचा बॉलचा खेळ या दिवसांत शरीराला जड जातो. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लडखडले तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. या महिन्यात सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. तुमचं फिरणं साडेसातच्या आत संपलेलं बरं. उशीर झालाच तर हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यांच्या पंजांनाही बसतोय.

बॉलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. बॉलमागे धावताना कुत्र्याचं अंग दमतं आणि डोकं पेटतं. धाव, पकड, आण, पुन्हा धाव, यात त्याला थांबायचं निमित्तच मिळत नाही. तासाभराने तुम्ही बॉल खिशात टाकता तेव्हा शरीर थकलेलं असतं, पण आतली उत्तेजना उतरायला पुढे बराच वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही घरी पोचलेले असता, आणि उरलेला सगळा जोर सोफ्यावर निघतो. त्यात रोज तासभर पळून सिंबा तंदुरुस्त होत जातो. पुढच्या महिन्यात त्याला दमायला सव्वा तास लागेल. बॉल कायमचा बंद करा असं मी म्हणत नाही. संध्याकाळी पाच-सात मिनिटं खेळा. सकाळी नको.

सकाळी त्यांना वास घेऊ द्या. बीगल ही मुळात वासावरून माग काढणारी जात, नाक जमिनीला लावून चालणं हेच त्याचं खरं काम. झाडाच्या बुंध्याशी तो दोन मिनिटं थांबला तर आपण ‘चल चल’ करत ओढतो. ओढू नका. लांबसा, दोन मीटरचा पट्टा सैल धरा आणि उभ्या राहा. पंचवीस-तीस मिनिटांचं असं रेंगाळत फिरणं कुत्र्याला आतून जितकं निववतं, तितकं मैदानावरचं धावणं निववत नाही. छातीवर कडी असलेला हार्नेस घाला म्हणजे गळ्यावर ताण येत नाही आणि ओढही कमी होते. बटण दाबून लांब होणारा पट्टा मात्र आपल्या गल्ल्यांसाठी नाही. रिक्षा वळते तेव्हा तो वेळेवर आखडत नाही.

आता प्रत्यक्ष सकाळ. ती आदल्या रात्री सुरू होते. शेवटची लघवीची फेरी रात्री साडेदहा-अकराला असू द्या, आठ वाजता नको. त्यानंतर चार-पाच घास खाणं. जिथे ती झोपतात तिथे जाड पडदा लावा आणि पंखा चालू ठेवा, त्याच्या घरघरीत जिन्यातले आवाज बुजतात. दाराबाहेर हूक लावून त्यावर कापडी पिशवी अडकवा आणि दूधवाल्याला, पेपरवाल्याला बेल न वाजवता त्यात ठेवायला सांगा. एवढ्या एका पिशवीने काही घरांतला पहाटेचा अर्धा गोंधळ गेलेला मी पाहिला आहे. फोनचा गजरही बदला. तुमच्या कुत्र्यांसाठी त्या सुरावटीचा अर्थ ‘आता बॉल’ असा झालेला आहे, म्हणून ती गजराच्या पहिल्या सुरालाच उसळतात. नवा, हलका सूर लावा आणि तो दिवसभरात दोन-चार वेळा उगीच वाजवा, ज्यानंतर काहीच घडत नाही.

उठल्यावर त्यांच्याशी बोलू नका. हे सांगितलं की लोकांना वाईट वाटतं, रात्रभर आपली वाट पाहणाऱ्या जिवाला साधी हाकही मारायची नाही? भरपूर लाड करा, पण वीस मिनिटांनी. तुम्ही उठता, तोंड धुता, चहाचं आधण ठेवता. पट्ट्याला हात लावायचा नाही, चपला घालायच्या नाहीत, दाराकडे जायचं नाही. दोघांसाठी स्वयंपाकघराच्या फरशीवर त्यांच्या रोजच्या कोरड्या डॉग-फूडचे मूठ मूठ दाणे दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत विखरून टाका. नाक खाली गेलं की उड्या आपोआप थांबतात. मग तुम्ही चहा घेऊन बसा. म्हणजे तुमचा चहा फिरून आल्यावर नाही, फिरायच्या आधी. ही अदलाबदल मुद्दाम करायची आहे. रोज चहा संपल्यावरच दार उघडतं हे कुत्र्यांना कळलं की चहा ही त्यांच्यासाठी वाट बघण्याची खूण होते, आणि वाट बघायला ती आडवी होतात. रात्री अकराला खाली जाऊन आलेलं निरोगी, मोठं कुत्रं एवढा वेळ सहज थांबतं.

हे पहिल्या दिवशी जमणार नाही, कारण आडवं होणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि ती सकाळी शिकवता येत नाही. संध्याकाळी शिकवा, घर शांत असताना, एका वेळी एकालाच. दुसऱ्याला आतल्या खोलीत चावायला काहीतरी देऊन ठेवा. जुन्या गोधडीचा तुकडा अंथरा. चिकू त्यावर आली की दाणा गोधडीवर, तिच्या पुढच्या पायांमध्ये ठेवा. हात उंचावून देऊ नका, हात वर गेला की कुत्रंही वर येतं. ती बसली की एक, आडवी झाली की दोन, आणि कंबर एका बाजूला कलवून सैलावली की एकामागून एक, सावकाश, पाच-सहा. ‘जागेवर’ हा शब्द तेव्हा जोडा, आधी नाही. पाच मिनिटांत थांबा.

काही दिवसांनी ती गोधडीवर असताना सकाळचे आवाज संध्याकाळीच करायला लागा. लायटरचा टक् आवाज. खलबत्त्यात आलं ठेचणं. पातेलं ओट्यावर ठेवणं. मग सेफ्टी डोअरची कडी. मग पट्टा हातात घेऊन परत खुंटीला लावणं. प्रत्येक आवाजानंतर ती जागेवर राहिली तर दाणा. उठली तर रागवायचं नाही, तुम्ही एक पायरी घाई केलीत एवढाच त्याचा अर्थ. तेच सिंबाबरोबर वेगळं. दोघांना एकेकट्याने हे नीट येईपर्यंत एकत्र करू नका. नंतर दोन गोधड्या चार-पाच फुटांच्या अंतरावर. माझ्या अनुभवात बहुतेक घरांना इथे धीर धरवत नाही. दोघं एकत्र गोड दिसतात म्हणून आठवड्याभरात शेजारी बसवतात, आणि पुन्हा झेपा सुरू होतात.

यात एक काम लगेच करता येईल. दोन-तीन पहाटे फोन कोपऱ्यात उभा करून चित्रण करा आणि बघा, सुरुवात कोण करतं. बहुतेक घरांत एक जण ठिणगी असतो आणि दुसरा कापूस. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, चिकू आवाज ऐकून भुंकते आणि सिंबा चिकू भुंकली म्हणून. रस्त्यावर वाढलेली कुत्री आवाजाला फार जागरूक असतात, तिथे ते जगण्यासाठी लागतं. तसं असेल तर सिंबावर ओरडून काहीच होणार नाही. चिकूला वेगळ्या, आतल्या खोलीत झोपवून बघा, आणि जिन्यात पाऊल वाजलं की ती भुंकायच्या आत तिच्यापुढे दाणे पडू द्या. पाऊल म्हणजे दाणा, असं जुळलं की ती दाराऐवजी तुमच्याकडे बघायला लागते.

फिरवणंही काही आठवडे वेगवेगळं. तुम्ही नोकरी करता, वेळ कमी आहे, म्हणून सांगते: तीस-तीस मिनिटं शक्य नसतील तर पंधरा-पंधरा करा, पण एकेकट्याला न्या. घरात राहणाऱ्याची तारांबळ होते, त्यासाठी इडलीपात्र वापरा. खळग्यांत दाणे टाका, वर दही-भाताचा पातळ थर द्या, रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी ते चाटून संपवायला चांगला वेळ जातो आणि चाटण्याने कुत्रं निवतंही. जुना टॉवेल दाण्यांसकट गुंडाळून दिला तरी चालतो, फक्त कापड चावून गिळणारं कुत्रं असेल तर नको. आधी कुणाला न्यायचं? ज्याला थांबणं जास्त अवघड जातं त्याला आधी. सोसायटीत तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल, की घरातला ‘बॉस’ कोण ते ठरवा आणि त्यालाच आधी न्या, आधी जेवू घाला. ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची उतरंड नव्हे. तुमच्या सिंबा-चिकूला सेनापतीची गरज नाही.

परत आल्यावर पाय पुसा आणि त्याच वेळी बोटांच्या बेचक्यात, कानांच्या घडीत, पट्ट्याखाली गोचिडी बघा. या दिवसांत हे रोज करा. गोचिडीतून होणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, मलूल होतं, हिरड्या फिक्या पडतात, आणि उपचार जितका लवकर तितका चांगला. साचलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. मग खाणं, दोन वेगळ्या कोपऱ्यांत, एकाचं संपलं तरी दुसऱ्याच्या ताटलीकडे जाऊ न देता. त्यानंतर धावपळ नको. मोठ्या, खोल छातीच्या जातींत भरल्या पोटी उड्या मारल्याने पोटाला पीळ पडण्याचा धोका सांगितला जातो, पण लहान कुत्र्यालाही जेवणानंतर झोपच हवी असते. पूर्ण वाढलेली कुत्री दिवसाचे बारा-चौदा तास झोपतात.

इथपर्यंतचं एका दमात: रात्री उशिराची फेरी आणि चार-पाच घास, दाराला पिशवी, नवा गजर, न बोलता विखुरलेले दाणे, चहा, मग एकेकाचं सावकाश फिरणं. गोधडी संध्याकाळी.

पहिल्या आठवड्यात भुंकणं कमी होण्याआधी वाढेल. आजवर पंजे मारले की दार उघडत होतं. आता उघडत नाही म्हटल्यावर कुत्रं जास्त जोर लावून बघतं. नेमक्या त्या दिवशी तुम्ही हरलात आणि दार उघडलंत, तर ते शिकेल की अजून जोरात भुंकायचं असतं. म्हणून त्याच आठवड्यात आजोबांना जाऊन भेटा. काय करताय ते सांगा, आठ-दहा दिवस मागा, तुमचा नंबर द्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही किंवा लिफ्ट नाकारता येत नाही, हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. महापालिकेचा परवाना मात्र तुमच्याकडे हवा. पण कायदा काढून दाखवण्याआधी, पहाटे पाचला झोपमोड झालेल्या म्हाताऱ्या माणसाची बाजू खरी आहे हे मनापासून मान्य करा. तुमच्या कुत्र्यांना त्या जिन्यात अजून बरीच वर्षं राहायचं आहे.

आणि दिवाळी. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी, अजून अंधार असतानाच फटाके सुरू होतात. म्हणजे तुम्ही बसवत असलेल्या सकाळच्या नेमक्या त्याच घटकेला. त्या तीन-चार दिवसांत शिकवणं थांबवा. रात्रीची फेरी फटाके सुरू व्हायच्या आधी उरका, हार्नेस आणि पट्टा दोन्ही नीट तपासा, कारण घाबरलेली कुत्री सुटून पळतात. पहाटे खाली नेऊ नका, सातनंतर न्या. आतल्या खोलीत पंखा, रेडिओ, पडदा, आणि त्यांना तुमच्या अंगाला बिलगायचं असेल तर बिलगू द्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. थरथर, लाळ, खाणं बंद, असं गेल्या वर्षी झालं असेल तर डॉक्टरांकडे आत्ताच जा, भीती कमी करणारी औषधं आधी ठरवावी लागतात. फराळाचे डबे उंचावर ठेवा. चिवड्यातले आणि लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, चॉकलेट आणि कांदाही विषारी आहेत.

एका वहीत रोज फक्त दोन गोष्टी लिहा: पहिलं भुंकणं किती वाजता, आणि सुरुवात कुणाची. रोजच्या रोज फरक जाणवणार नाही, तीन आठवड्यांनी पान उलटून बघा. वेळ सरकली नसेल, तर ते चित्रण आणि वहीतली नोंद मला पाठवा, मग तुमच्या घराचा आराखडा बघून पुढचं ठरवू.